झोपेला घर सापडेना

लव्हेंडरच्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘लहान मुलांपासून दूर ठेवा.’ आणि झोप यावी म्हणून मी चार दिवस तेच तेल माझ्या लेकीच्या, गार्गीच्या उशीला लावत होते! त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बाटली कपाटावर गेली. हातात उरली फक्त गोष्ट. ती मी सांगितली, ती अशी.

एक होती राणी. फार शिकलेली, म्हणून फार घाबरट, बरं का. तिचा लेक झोपेना. मग राणीनं पोथ्या काढल्या. (पोथ्या वाचणाऱ्या बायकांचं असंच होतं, मला विचार.) पहिल्या रात्री चंदन उगाळलं. दुसऱ्या रात्री वाळ्याचे पडदे भिजवून लावले. तिसऱ्या रात्री उशाशी केवडा ठेवला. लेक आपला टक्क जागा.

आता ऐक. ज्या घरी झोप येत नाही ना, त्या घरी जाग येते. तिला पापण्याच नसतात. नुसते डोळे. चंदनाच्या रात्री ती अंगणात उभी होती. वाळ्याच्या रात्री उंबऱ्यावर. केवड्याच्या रात्री पलंगाच्या पायथ्याशी बसली, आणि हळूच एक लांब बोट पुढे केलं. ते बोट पापणीला लागलं, की ती पापणी पुन्हा कध्धी मिटत नाही.

राणी किंचाळली. म्हातारी दाई पारूबाई धावत आली आणि तिनं आधी नाकाला पदर लावला.

“अहो राणीसाहेब, हा महाल आहे का अत्तराचं दुकान? झोप आंधळी असते. वासावरून घर ओळखते. तुम्ही रोज वास बदलता, ती बिचारी दारावरून परत जाते.”

“मग कुठला वास लावू, पारूबाई?”

“कुठलाही, मंदसा. पण एकच, आणि रोज. वाट सापडायला तिला तीन रात्री लागतील. तोवर हात आवरा म्हणजे झालं.”

मग दाईनं तव्यावर ओवा शेकला, फडक्यात बांधला आणि पुरचुंडी उशापाशी ठेवली.

पहिल्या रात्री जाग लेकाच्या गुडघ्यांपर्यंत सरकली. राणीला वाटलं, जोडीला थोडं चंदन घालावं का? दुसऱ्या रात्री जाग त्याच्या छातीपाशी आली. राणीनं केवडा उचलला, तर दाईनं हातावर फटकाच दिला. तिसऱ्या रात्री बोट पापणीपासून तांदळाएवढं दूर होतं. पण राणी स्वतःच्या दोन्ही हातांवर बसून राहिली.

मग दारात कुणीतरी नाक ओढलं. हुंग, हुंग. भिंत चाचपडत झोप आत आली. ओव्याच्या वासावर चालत थेट पलंगाशी पोचली. तिचा पदर जागेच्या डोळ्यांवर पडला, आणि जाग पणतीसारखी विझून गेली. लेक झोपला. त्याच्या पायाशी राणी झोपली. पारूबाई तर बसल्या जागी घोरायलाच लागली. आणि पुढे त्या महालात सगळे रोज वेळेवर, सुखानं झोपले. चल, आता तूही कूस बदल आणि डोळे मीट बघू.

गार्गी अंधारात कुशीवर वळली. मग म्हणाली, “आई, ती जाग म्हणजे तूच ना? मी झोपले की नाही ते तू रोज माझ्या पापणीला बोट लावून बघतेस.”