ऑफ झाले म्हणावं

एका गावात एक भोळा गडी राहत होता. नाव दिगंबर, पण एवढं भारदस्त नाव त्याच्या तोंडाकडे बघून कुणाला घेववत नसे, म्हणून सगळे दिगूच म्हणत. घरात आई, गोठ्यात दोन म्हशी, रानात आलं आणि हळद. कामाला वाघ. खोट एकच. सांगितलेलं तो ऐकायचा आणि ऐकलेलं तसंच्या तसं करायचा. "जरा म्हशीवर लक्ष ठेव," म्हटलं की दिवसभर म्हशीसमोर बसून तिच्याकडे टक लावून बघायचा. शेवटी म्हैसच लाजून मान फिरवायची.

त्यामुळे दिगूचं लग्न जमत नव्हतं. तीन ठिकाणांहून नकार आला होता. दिगूला लग्न करायचं होतं आणि आईला तर सून आणायची त्याच्याहून जास्त घाई होती. आता चौथं स्थळ आलं होतं. मुलगी वासंती, पलीकडच्या गावात बालवाडी चालवायची. येत्या रविवारी बघायला जायचं ठरलं.

"ह्या येळंला पोरानं तोंड सांभाळलं पायजे," आई म्हणाली, आणि तिनं दिगूला आपल्या भावाच्या हवाली केलं.

भाऊ म्हणजे बाजीरावमामा. त्याच गल्लीत राहायचे. तरुणपणी मामा चार वर्षं पुण्यात एका कंपनीच्या गेटवर होते. नोकरी सुटली, इंग्रजी सुटलं नाही. "ॲक्च्युअली" म्हटल्याशिवाय मामांचं तोंड उघडत नसे आणि "बेसिकली" म्हटल्याशिवाय मिटत नसे. मधे काय असायचं ते मामींनाही कधी कळलं नाही.

नेमके त्याच आठवड्यात गावातले धोंडूआबा वारले. दिगू दुकानात सांगत होता, "धोंडूआबा मेला."

मामांनी त्याला बाजूला ओढलं. "ॲक्च्युअली, मेला म्हणतात का कुणी? ऑफ झाले म्हणावं. टोपी काढावी आणि म्हणावं, वाईट झालं, मोठा आधार गेला."

"ऑफ झाले म्हणावं. टोपी काढावी," दिगूनं घोकलं. घरी जाऊन आईलाही शिकवलं. आईनं दोनदा म्हणून बघितलं. तिलाही बरं वाटलं. मेलेल्या माणसापेक्षा ऑफ झालेला माणूस जरा धुतल्यासारखा वाटतो खरा.

दुसऱ्या दिवशी दिगू रानात मोटर चालू करायला गेला, तर वीज नाही. वाटेत खांबाखाली वायरमन उभा होता.

"काय झालं?" दिगूनं विचारलं.

"फीडर ऑफ झालाय."

दिगूनं टोपी काढली. "वाईट झालं. मोठा आधार गेला. वय काय होतं?"

"कुणाचं?"

"फीडरचं. आणि कधी न्यायचं ठरलंय?"

वायरमन सकाळपासून उन्हात होता. त्याला वाटलं, हा आपली टिंगल करतोय. त्यानं दिगूला पक्कड घेऊन बांधापर्यंत पळवलं.

मामांच्या कानावर ही गोष्ट गेली. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे गाढवा, ऑफ झालं की रडत बसायचं नसतं. बटण बघायचं. बटण दाबलं की ऑन होतं, बेसिकली."

"ऑफ झालं की बटण दाबावं," दिगूनं घोकलं.

तिसऱ्या दिवशी शाळेतले जुने गुरुजी ऑफ झाले. अख्खं गाव गुरुजींच्या हाताखालून गेलेलं, सगळे अंगणात जमले. गुरुजींना धुतलेला पांढरा सदरा घालून निजवलं होतं. दिगू गर्दीतून पुढं झाला, खाली बसला आणि सदऱ्याची बटणं दाबायला लागला. पहिलं दाबलं, गुरुजींच्या तोंडाकडे बघितलं. दुसरं दाबलं, बघितलं. तिसरं जोरात दाबलं. चौथं तुटलेलं होतं.

दिगूनं मान हलवली आणि गुरुजींच्या मुलाला म्हणाला, "हितंच घोटाळा झालाय बघा. हे येळंवर शिवून घेतलं असतं, तर गुरुजी उठलं असतं."

मुलाला चौघांनी धरलं म्हणून दिगू वाचला.

मामांनी त्याला घरी आणून समोर बसवलं. आता त्यांचाही धीर सुटायला आला होता. "ॲक्च्युअली, नीट ऐक. माणूस ऑफ झाला की त्याला हात लावायचा नाही. तोंड उघडायचं नाही. बांबू आणावेत, दोरी आणावी, मडकं आणावं, पाहुण्यांना फोन करावेत. निमूट कामाला लागावं. अशा माणसाचं लोक नाव काढतात, बेसिकली."

"बांबू, दोरी, मडकं, फोन," दिगूनं घोकलं.

"आणि परवा मुलीकडं बायको बायको करू नकोस. फॅमिली म्हणावं."

"बायकोला फॅमिली म्हणावं."

रविवार उजाडला. दिगूनं नवा सदरा घातला, सगळी बटणं आहेत ना ते दोनदा तपासलं. मामांच्या पँटची इस्त्री व्हायची होती. "तू पुढं हो, मी फिफ्टीन मिनिटांत पोचतो," मामा म्हणाले. मामांची पंधरा मिनिटं दोन तासांची असतात हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दिगू पुढं झाला.

मुलीच्या घरी ओसरीवर तिच्या भावानं, संग्रामनं, त्याचं स्वागत केलं. संग्राम म्हणजे मामांचीच पुढची आवृत्ती.

"बसा, कम्फर्टेबल बसा. फॅमिलीत कोण कोण?" संग्रामनं विचारलं.

दिगूला वाईट वाटलं. "फॅमिली असती तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती वासंती होती. दिगूनं दाराकडे बघितलं. पडद्याआडून हिरव्या पदराचं टोक दिसलं, आणि दिगूला एकदम वाटलं की हे स्थळ हातचं जाता कामा नये. काहीही होवो, आज चुकायचं नाही.

"पप्पा आज ऑफ आहेत," संग्राम म्हणाला. "आतल्या खोलीत आहेत. मी जरा स्टँडवर जाऊन तुमच्या मामांना रिसीव्ह करतो." आणि तो गेला.

आता खरी गोष्ट अशी, की वासंतीचे वडील दत्तोबा एस.टी.त कंडक्टर होते. मुक्कामाची गाडी करून पहाटे आले होते. आज सुट्टी, म्हणून पांढरी चादर डोक्यावरून ओढून गाढ झोपले होते. पण दिगूनं हळूच टोपी काढली. बिचारी पोर, बापावर ही वेळ आणि तरी पाहुण्यासाठी हसतेय. त्यानं दारातून डोकावून बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत पांढरी चादर. एका बाजूनं बनियन दिसत होतं. हात लावायचा नव्हता, पण बघायला कुणी ना म्हटलं नव्हतं. बनियनला बटणच नव्हतं. म्हणजे इलाजच नव्हता.

दिगू निमूट कामाला लागला. घराशेजारी बांबूचं बेट होतं, त्यातले दोन तोडले. वाळत घातलेल्या साड्या नीट घडी करून ठेवल्या आणि दोरी सोडवली. तिरडी बांधली, न्हाणीघरामागचं मडकं आणलं. ओसरीच्या भिंतीवर पेन्सिलीनं पाहुण्यांचे नंबर लिहिलेले होते. दिगूनं वरपासून खालपर्यंत सगळ्यांना फोन केला. "दत्तोबा ऑफ झालं. या." एवढंच. तोंड उघडायचं नव्हतं ना.

वासंती आणि तिची आई मागल्या बाजूला स्वयंपाकात होत्या. पुरणावरून हात निघत नव्हता. अर्ध्या तासात दारात तीसेक माणसं जमली. त्यात दत्तोबांचा धाकटा भाऊ ज्ञानदेव पण होता. बांधाच्या भांडणावरून सात वर्षं तो ह्या घराकडे फिरकला नव्हता. आज तिरडीशेजारी बसून गुडघ्यात डोकं घालून रडत होता. "दादा, बांध तुलाच घे, पण एकदा बोल," म्हणत होता.

एवढा गलका झाल्यावर कोण झोपेल? दत्तोबा डोळे चोळत ओसरीवर आले.

"कोण गेलं रं?"

"तुम्ही," दिगू म्हणाला. "बसा जरा. मडकं चिरलेलं निघालं, दुसरं बघतो."

पुढं जे झालं ते न सांगितलेलं बरं. दोन म्हाताऱ्या पडल्या, एकजण विहिरीकडे पळाला, आणि नेमक्या त्याच वेळी बाजीरावमामा इस्त्रीची पँट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन संग्रामबरोबर दारात उभे राहिले. तिरडी बघून मामांनी ओळखलं, की हे आपलंच शिक्षण. तोंडातून फक्त "ॲक्च्युअली" निघालं. पुढचं सापडेना.

दिगू रडवेला झाला. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी स्थळ गेलंच.

पण दत्तोबांनी ज्ञानदेवाला मिठी मारली होती आणि ते काही केल्या सोडत नव्हते. मग त्यांनी डोळे पुसले आणि दिगूकडे बघितलं. "मी मेल्यावर एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "कुणाचा रं तू?"

वासंती पुढं आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आण्णा, मला हाच पसंत हाय. हितं दोन माणसं नुसतं इंग्रजी बोलतात. ह्यानं एकट्यानं काम केलं." मग ती दिगूला म्हणाली, "आणि तुम्ही ऐका. ऑफ म्हणजे सुट्टी. माणूस काम सोडून निवांत झोपला, की त्याला ऑफ म्हणायचं."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर मेला म्हणायचं."

"निवांत झोपला की ऑफ," दिगूनं घोकलं. इतकं गोड त्याला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

रडायला आलेले पाहुणे जेवायला थांबले. मामांनी धक्क्यातून सावरायला म्हणून नऊ पुरणपोळ्या खाल्ल्या आणि ओसरीवर आडवे झाले. दिगूला आईची आठवण आली. ती बिचारी सकाळपासून वाट बघत असणार. त्यानं फोन लावला.

"आई, लगीन जमलं."

"देव पावला," आई म्हणाली. "आन् मामा कुठं हाय? त्याला दे."

"मामा ऑफ झालं."

 तिकडे आईनं हंबरडा फोडला. सुनेच्या आनंदानं रडतेय, दिगूला वाटलं.

"कसं झालं रं?"

"नऊ पोळ्या खाल्ल्या आन् आडवं झालं. हाका मारल्या, उठंनात."

"आरं माझ्या द्येवा. कधी आणतोस?"

"आता निघतोच. जीपवाल्याला सांगितलंय."

"हितं बांबू सांगू का?"

"बांबू कशाला?" दिगूला आधी कळेना. मग दारातल्या तिरडीकडे लक्ष गेलं. दत्तोबा मघापासून म्हणत होते, की ही बला आमच्या दारातनं घेऊन जा. गोठ्याला बांबू हवे असणार, दिगूला वाटलं, आई किती काटकसरी. "नगं. हितं बांधलेली तयार हाय. तीच टपावर टाकून आणतो."

दिवस मावळायच्या आत जीप गावाच्या वेशीवर आली. टपावर तिरडी. वेशीवर सारं गाव टोप्या काढून उभं. मामी मधोमध बसलेल्या, आईनं त्यांना धरलेलं. जीपचं पुढचं दार उघडलं आणि मामा ढेकर देत खाली उतरले.

 मामींचं रडं तोंडातच राहिलं.

"ॲक्च्युअली..." मामा म्हणाले, आणि पुढची रांग चार पावलं मागं सरली.

शेवटी सरपंचांनी धीर करून दिगूला विचारलं, "आरं, हे ऑफ झालं होतं न्हवं?"

दिगूनं टपावरून तिरडी खाली घेतली, खांद्यावर टाकली आणि सगळ्यांना नीट समजावून सांगितलं.

"दुपारी ऑफ होतं. आता ऑन झालं."