धोंडजी हवालदाराची हजेरी

राणीसरकारच्या पलटणीत कोकणातली माणसं भरती होत, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या सडेवाडीचा धोंडजी घाग पलटणीत कवायत शिकवणारा हवालदार होता. त्यानं ‘थांब’ म्हटलं की उधळलेला बैलसुद्धा जागीच उभा राही, असं म्हणतात.

पेन्शनीत आल्यावर त्यानं वाडीतले वीस गडी सड्यावरच्या मोकळ्या कातळावर उभे केले आणि त्यांना कवायत शिकवली. बांबूच्या बंदुका केल्या, लोहाराकडून त्यांना खऱ्या संगिनी बसवून घेतल्या. स्वतः तलवार धरून तो पुढे चाले, आणि मागे वीस पावलं एकदम पडत. वाडीला केवढा अभिमान.

मग एका वैशाखात सगळे झरे आटले. आमचा तेवढा राहिला. शेजारच्या कातळवाडीच्या बायका हंडे घेऊन येऊ लागल्या. वाडीचा कारभार बघणारा गावकर म्हणाला, “हवालदार, माणसं नुसती उभी करा. बघूनच परत जातील.”

धोंडजीनं ओळ लावली. बायका हटल्या नाहीत. मग त्यानं संगिनी पुढे करायला लावून ओळ चालवली. तीन पावलं अलीकडे थांबवायची, असं त्याच्या मनात होतं. पण ओळ इतकी सरळ चालली होती की ती बघण्यातच तो रमला. ‘थांब’ म्हणायला उशीर झाला. सगळ्यांत पुढे म्हातारी आवडाई होती. संगीन लागून ती तिथंच गेली.

फौजदार चौकशीला आला. आमच्या वाडीनं सांगितलं, म्हातारी घसरून स्वतःच्या कोयत्यावर पडली. धोंडजीही गप्प राहिला. हे सांगताना आमची मान अजून खाली जाते.

दुसऱ्या दिवशी तो आवडाईच्या दारात जाऊन सावधान उभा राहिला. आठ दिवस हलला नाही. पायांवर वारूळ चढलं, खांद्यावर पाखरं बसली, असं म्हणतात. नवव्या दिवशी आवडाईची लेक येसू बाहेर आली.

“आई कोयत्यावर पडली म्हणे?”

“नाही, बाय. माझ्या हुकुमानं मेली.”

“मला कशाला सांगता? तुमच्या वाडीला ऐकू जाऊ दे.”

धोंडजीनं तोंड फिरवून तेच वाक्य आरोळी ठोकून सांगितलं. सडेवाडीत ते वीस गडी होते तिथं खिळले. कुणाचा घास हातात राहिला, कुणाचा पाय उंबऱ्यावर. ‘आम्ही मारली’ असं तोंडानं कबूल करीपर्यंत एकालाही हलता आलं नाही. धोंडजीचा आवाज मात्र त्या दिवसापासून गेला. मरेपर्यंत तो कातळवाडीला पाणी वाहत राहिला, मुक्यानं.

अजून दर वैशाखी अमावास्येला सडेवाडीचे पुरुष रिकाम्या हातांनी झऱ्यावर ओळीनं उभे राहतात. याला आम्ही हवालदाराची हजेरी म्हणतो. कातळवाडीच्या बायका आधी पाणी भरतात. त्या समोरून जाताना प्रत्येकानं म्हणायचं, “आवडाई पडली नाही. आम्ही मारली.”

बायका ऐकतात आणि हंडे घेऊन निघून जातात. त्यांनी अजून एकदाही उत्तर दिलेलं नाही.