नोंद नसलेली मागणी

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत गच्चीवरची, वर्षभर गळणारी टाकी अखेर फुटली आणि खालच्या खोलीतला सर्व्हर पाण्यात गेला. बॅकअपची डिस्कही त्याच खोलीतल्या कपाटात होती, तीही गेली. चेअरमन धनपालराव मगदूम यांनी संचालकांची बैठक बोलावली आणि संगणक विभागाच्या हेरवाडेबाईंना सगळ्यांसमोर उभं केलं.

"बॅकअप बाहेर, क्लाउडवर ठेवूया, अशी मेल मी तुम्हाला तीनदा केली होती," बाई म्हणाल्या.

"मग दाखवा ना ती मेल!" मगदूम हसले. मेल त्याच सर्व्हरवर होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "नोंद नाही म्हणजे तुम्ही मागितलंच नाही. उद्यापासून घरी बसा."

"तुम्हाला चेअरमन निवडल्याचा ठरावही त्याच सर्व्हरवर होता, साहेब," बाई म्हणाल्या. "मग मला घरी बसवणारे तुम्ही कोण?"

संचालक खाली माना घालून हसले. बाईंची नोकरी वाचली, क्लाउडही मंजूर झाला.

आठवड्याभरात नवा ठराव झाला आणि मगदूम पुन्हा चेअरमन झाले. बाईंच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीची नोंद पुन्हा करायची वेळ आली, तेव्हा मात्र मगदूमांनी बाईंकडे पुरावा मागितला.