पाठमोरी शाळा

शाळेचं तोंड राजवाड्याकडेच हवं, असा उदाजीराजांचा हुकूम सुटला आणि सटवा गवंड्याच्या तोंडचं पाणी पळालं.

राजवाडा होता पश्चिमेला, टेकाडावर. शाळेची जागा त्याच्या खाली, आमराईच्या पलीकडच्या उतारावर. त्या मुलखात पाऊस यायचा तो पश्चिमेकडूनच, आणि तोही आडवा, वाऱ्यावर बसून. हे तिथल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. ढग आले की त्या पश्चिमेला पाठ करून बसत. पण शेळ्यांना दरबारात विचारतो कोण?

महाराजांचं म्हणणं असं, की शाळेची पुढची बाजू सबंध उघडी ठेवायची, म्हणजे प्रत्येक पोराला बसल्या जागेवरून राजवाडा दिसेल आणि राजाबद्दल आदर वाढेल. मधे आमराई येते, तर ती तोडून टाकायची. आणि एवढं करून पावसाचा थेंब आत येता कामा नये. आला, तर सटवाने थापी-ओळंबा सरकारजमा करून पोराबाळांसह राज्याबाहेर चालू पडायचं.

सटवा हात जोडून म्हणाला की वाऱ्याकडे तोंड केलं की पाणी आत येणारच. झालं, सगळा दरबार त्याच्या अंगावर आला. राजज्योतिषी म्हणाले, महाराजांच्या पुण्याईने वारा दिशा बदलेल. खजिनदार म्हणाले, बदलायलाच हवी. कारभारी धोंडोपंतांना तर ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी डोळे पुसले. महाराज शिंकले तरी वाहवा म्हणणारी ही माणसं, त्यांना शाळा काय आणि पाऊस काय!

सटवा घरी येऊन भिंतीला टेकून बसला तो उठेचना. त्याची थोरली मुलगी राही. आई गेल्यापासून ती बापाच्या बरोबरीने कामावर उभी राहायची, आणि जिभेला धार अशी की गावातली टगी पोरं तिच्या वाटेला जात नसत. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आबा, तुम्ही जागेचं ऐकून बांधा. महाराजांशी मी बोलते."

"काय बोलशील गं?"

"ते आत्ता कसं सांगू? त्यांचं तोंड बघून ठरवीन."

महाराज उन्हाळाभर सासुरवाडीला जाऊन राहिले. देखरेखीला धोंडोपंत होते, म्हणजे वाड्यात वाळ्याच्या पडद्याआड झोपून होते. काम उत्तम चाललं आहे, असा निरोप मात्र ते न चुकता धाडत. आमराई तोडायची तेवढी राहिली, कारण तिथले आंबे पंतांच्याच घरी जात. आंबे उतरले की तोडू, एवढे उतरले की तोडू, असं म्हणता म्हणता आभाळ भरून आलं.

महाराज परतले ते धो धो पावसात. आल्या आल्या शाळा बघायला निघाले, मागे सगळा दरबार. आमराई ओलांडून पाहतात तर समोर शाळेची पाठ! पश्चिमेला जाड दगडी भिंत, तिला एक झरोका नाही, आणि छप्पर अंडी उबवणाऱ्या कोंबडीच्या पंखासारखं पार खाली आलेलं. धोंडोपंत ओरडले की हा राजाचा अपमान आहे. देखरेख आपलीच होती, हे ते त्या घाईत विसरले.

चिंब भिजलेले महाराज वळसा घालून आत शिरले. पूर्वेची बाजू सगळी उघडी होती, खाली ओढा दिसत होता. सटवाने जमीन सपाट केलीच नव्हती. उतारालाच रुंद पायऱ्या पाडल्या होत्या, त्यांवर पोरं बसली होती आणि खाली उभे असलेले गुरुजी शेवटच्या पोरालाही दिसत होते. पोरं कोरडी, गुरुजी कोरडे, पाट्या कोरड्या. ओला होता तो फक्त दरबार.

महाराज वरच्या पायरीवर टेकले. दरबारी त्यांच्यासमोर खाली, गुरुजींच्या बाजूला, हात जोडून ओळीने उभे राहिले. पहारेकरी उघड्या बाजूला जाऊन बाहेर नजर लावून उभे राहिले.

"थेंब आला नाही, कबूल," महाराज म्हणाले. "पण आमचीच शाळा आम्हाला पाठ दाखवते? गवंड्या, ठेव ती थापी आणि चालू पड."

कोपऱ्यात राहीबरोबर उभा असलेला सटवा थापी ठेवायला वाकला. राही ती त्याच्या हातून काढून घेऊन पुढे आली.

"महाराज, जाण्याआधी एक विचारते. आत्ता तुमच्याकडे तोंड करून कोण कोण उभं आहे?"

"दिसत नाही तुला? कारभारी, खजिनदार, ज्योतिषी."

"यातल्या कोणाला तुमच्याकडून काहीच नको आहे?"

महाराजांनी धोंडोपंतांकडे पाहिलं. पंतांनी वाटेतच जावयासाठी जहागीर मागितली होती. खजिनदारांना नवी शालजोडी हवी होती, ज्योतिष्यांना दोन गाई.

"आणि पाठ करून कोण उभं आहे?"

"पहारेकरी."

"त्यांना सांगा ना, इकडे तोंड करा म्हणून. पाठ दाखवतात ते तुम्हाला."

"वेडी आहेस का? मग आमची राखण कोण करील?"

"तेच म्हणते मी," राही म्हणाली. "मागणारा तोंड करून उभा राहतो, राखणारा पाठ करून. आमची शाळा पोरांवरचा पाऊस आपल्या पाठीवर घेते आहे. तिला मागणाऱ्यांच्या ओळीत उभी करायची असेल तर तसं सांगा, आबा उद्या सगळं फिरवून देतील."

मग धोंडोपंत हळूच वळले आणि महाराजांकडे पाठ करून उभे राहिले. ते पाहून खजिनदार वळले. ज्योतिषी तर मुहूर्तही न बघता वळले. सगळी ओळ ओढ्याकडे बघत छाती काढून उभी.

महाराजांना आधी खोकला आला, मग हसू फुटलं, आणि मग ते मांडीवर थापा मारून इतके हसले की पोरंही मोकळेपणी हसायला लागली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून राहीला दिलं. आमराईला कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. मग सटवाला म्हणाले, "आमच्या सिंहासनावर पावसाळाभर पाणी गळतं. ही मंडळी त्याला वरुणदेवाचा अभिषेक म्हणतात. उद्यापासून ते छप्पर तुझ्याकडे."

दरबारी अजून तसेच पाठ करून उभे होते.

"पंत, शाबास," महाराज म्हणाले. "आता आणखी दोन पावलं पुढे व्हा, पागोळ्यांखाली. राखण करायची ती बाहेर उभं राहून. शाळा सुटेपर्यंत."