नाव नसलेली सुरी

एकदा एका वृद्ध लोहाराच्या भट्टीवर एक सुरी परत आली. जपानमधल्या एका लहानशा गावातली ही गोष्ट. तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवल्या जात, आणि या भट्टीचा एक कडक नियम होता. नऊ वर्षे शिकल्यावर शिष्याने आपल्या हाताने घडवलेल्या सुरीवर स्वतःचे नाव कोरायचे. ती वर्षभर गिऱ्हाइकाकडे सुखाने नांदली, तर त्याने खुशाल स्वतःची भट्टी घालावी. परत आली, तर नाव गेले आणि आणखी तीन वर्षे गुरूच्या हाताखाली राबणे आले.

सुरी घेऊन आली होती ती बंदराजवळ खाणावळ चालवणारी एक बाई. धारेचे दोन टवके उडाले होते आणि पात्यावर गंजाचे ठिपके पडले होते. शिष्याने त्यावरचे आपले नाव पाहिले. भीती वाटली की माणूस आधी दुसऱ्याची चूक शोधतो. त्यानेही तेच केले.

"बाई, हे निळ्या कागदातलं पोलाद आहे," तो म्हणाला. "धार टिकवण्यात याचा हात धरणारं दुसरं पोलाद आमच्याकडे नाही. तुम्ही कापलंत तरी काय?"

"भोपळा."

"या सुरीनं भोपळा?"

"मग कशानं कापू? माझ्याकडे रोज भोपळा असतो," बाई शांतपणे म्हणाली.

इथे थोडे सांगायला हवे. पोलादाच्या कांबी कागदात गुंडाळून येत आणि लोहार त्यांना कागदाच्या रंगानेच ओळखत. पांढऱ्या कागदातले पोलाद शुद्ध. त्याला वस्तऱ्यासारखी धार चटकन लागते, पण ओले राहिले की ते लगेच गंजते. निळ्यातले अधिक दिवस धार धरते, मात्र गंज त्यालाही चुकलेला नाही, आणि फार कडक केले तर आडव्या पिळाने त्याची धार तुटते. तिसरे रुपेरी कागदातले. ते सहसा गंजत नाही, पण त्याला धार लावताना हात भरून येतात. शिष्य त्याला नाक मुरडत असे. जे गंजत नाही ते पोलाद कसले, असे तो म्हणे. आपल्याकडेही अशी माणसे आहेत, औषध कडू नसेल तर त्यांना गुणच येत नाही.

"गुरुजी, मला एक संधी द्या," शिष्य म्हणाला. "तापलेल्या पात्याला याहून कडक पाणी देऊन दुसरी सुरी करतो."

वृद्धाने बादली उचलली आणि पेटत्या भट्टीवर पाणी ओतले. ऐन हंगामात भट्टी विझवलेली शिष्याने नऊ वर्षांत पाहिली नव्हती.

"उद्यापासून आठ दिवस या ताईंकडे भाजी चिरायला जा," वृद्ध म्हणाला. "तुझ्या आवडत्या दोन सुऱ्या बरोबर ने. ताई, चालेल ना?"

"चिरायला माणूस मिळत असेल तर मी नाही कशाला म्हणेन, बाबा?"

शिष्याला तो अपमान वाटला. घण मारणाऱ्या हाताने आता मुळे चिरायचे होते. पण गुरूचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. एक पांढऱ्या पोलादाची आणि एक निळ्या पोलादाची सुरी घेऊन तो गेला.

पहिला दिवस अभिमानात गेला. मुळ्याचे काप इतके पातळ निघाले की बाईही पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी बोटींवरची माणसे एकदम जेवायला आली. लिंबू कापून पांढरी सुरी ओल्या फळीवर टाकून शिष्य ताटे वाढायला धावला. परत येतो तो पात्यावर नारिंगी डाग, आणि चिरलेल्या मुळ्याला लोखंडाची चव. पुसायला हात मोकळा होता कुठे?

पाचव्या दिवशी निळी सुरी भोपळ्यात अडकली. बाहेर माणसे ताटकळत होती. त्याने हिसका देऊन पाते फिरवले आणि धारेचा टवका आतच राहिला. तो कोणाच्या घासात गेला असता तर? गर्दी बाजूला ठेवून तो भोपळ्याची फोड न् फोड चाचपत बसला. तेव्हा त्याला बाईला विचारलेला प्रश्न आठवला आणि मनस्वी लाज वाटली. बाईने तो अख्खा भोपळा फेकून दिला आणि दुसरा पुढे ठेवला.

नवव्या दिवशी भट्टीवर येताच त्याने कोपऱ्यातली रुपेरी कागदाची कांब उचलली.

वृद्ध हसला. "पोलादात दोष नव्हता आणि ताईंच्या हातातही नव्हता," तो म्हणाला. "फार कडक करशील तर ठिसूळपणा येईल, नरम ठेवशील तर धार लवकर जाईल. सगळे गुण एकाच कांबीत मला साठ वर्षांत सापडले नाहीत. उत्तम पोलाद कोणतं, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणासाठी, हे विचारलं की तो पुरा होतो."

"मग हे आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मान हलवली असतीस आणि पुन्हा निळा कागदच उघडला असतास."

सुरी झाली. पाठ जाड, पाणी बेताचे. वृद्धाने छिन्नी पुढे केली. "कोर नाव."

"आणि नियम?"

"नियम माझा आहे. मोडायचा हक्कही माझाच."

शिष्याने छिन्नी घेतली नाही. "राहू द्या, गुरुजी. सुरी परत आली हे खरंच आहे. तीन वर्षं मला हवीत." वृद्धाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. वृद्धाचे डोळे भरून आले होते.

खाणावळीत बाईने नव्या सुरीने भोपळा चिरला, सुरी तशीच ओल्या फळीवर टाकली आणि मग पुन्हा हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"हिच्यावर तुमचं नाव नाही?"

"पहिली परत आली ना, ताई. आता तीन वर्षांनी."

बाईने क्षणभर विचार केला. "मग तीन वर्षांनी मी हीच घेऊन येते. तेव्हा हिच्यावर कोरून द्या. तोवर टिकेल ना?"

पोलाद कोणते, पाणी कसे दिले, सांगण्यासारखे पुष्कळ होते.

"टिकेल," तो म्हणाला आणि गर्दी सुरू व्हायच्या आत उरलेला भोपळा त्याने चिरायला घेतला.