भिंतीची बारव

डोंगरसांगवीच्या वेशीतून आत आलात की उजव्या हाताला ही बारव लागते. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पण हिच्या पायऱ्या शोधायला जाल तर समोर काळ्या दगडांची भिंत येईल. खाली उतरायची वाट पार बुजवून टाकलेली, वर कठडा आणि रहाट. साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी, सगळीकडे पाण्याच्या काठी बसतात. आमच्या इथे मात्र त्या वर, कडुनिंबाखाली बसल्या आहेत. त्या वर कशा आल्या ते आमच्या म्हाताऱ्यांनी आम्हाला सांगितलं, ते मी तुम्हाला सांगतो.

त्या काळी या गावाला नारूनं ग्रासलं होतं, असं सांगतात. पायावर फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांबच लांब किडा बाहेर पडायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव बाजेवर असायचं. पायाची आग शमावी म्हणून माणसं बारवेत उतरून पाण्यात पाय सोडून बसायची, आणि त्याच पाण्याच्या घागरी भरून बायका घरी न्यायच्या. आसरांचा कोप आहे, असं लोक मानायचे.

अशा गावात एका उन्हाळ्यात डॉक्टर द्वारकाबाई तेलंग आल्या. शहरात बायकांच्या वैद्यकीय शाळेत त्या शिकवत. त्या शाळेत शिकवायला उभी राहिलेली ती पहिलीच बाई. नारू पुस्तकातून शिकवायचा त्यांना कंटाळा आला होता म्हणे, म्हणून सुट्टीत इकडे आल्या. गाडीतून उतरल्या तेव्हा आसरांच्या गुरवाची बायको सगुणा लंगडत सामोरी आली. पायाला चिंधी बांधलेली, पोटात सातवा महिना, हातात पाण्याचा तांब्या.

“आमच्या हातचं चालंल न्हवं बाई?” तिनं विचारलं.

त्या पाण्यात काय आहे हे द्वारकाबाईंना चांगलं ठाऊक होतं. पण तांब्या परत केला तर ही बाई पुन्हा आपल्या दारात पाऊल टाकणार नाही, हेही त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी तांब्या घेतला आणि त्या पाणी प्यायल्या. पुढे मात्र त्यांनी या गावात गाळल्या-उकळल्यावाचून पाण्याचा घोट घेतला नाही.

सगुणेच्या पायातला नारू त्या रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळून बाहेर काढत. हात हलका, घाई नाही. सुट्टी संपली, शाळेचं बोलावणं आलं, तरी सगुणेची सुटका होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मुलगी झाली. बाळंतिणीजवळ बसून त्यांनी तिला समजावलं: नारूचा पाय पाण्यात पडला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात, आणि तेच पाणी प्यायलं की वर्षानं माणसाच्या पायातून नारू निघतो. पाण्यात पाय पडायचे थांबले पाहिजेत आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं पाहिजे. पण पायऱ्या बुजवायच्या कशा? शेवटच्या पायरीवर तर आसरा बसलेल्या.

मग एका सकाळी सगुणा बारवेत उतरली, शेंदराचे ते सात दगड ओटीत घेतले आणि वर आणून कडुनिंबाखाली मांडले. गुरव धावत आला, गाव गोळा झालं. ती एवढंच म्हणाली, “त्या बी बायाच हायेत. किती दिस असल्या पाण्यात बसवायच्या?” देवीच वर आल्यावर पायऱ्यांचं काम उरलं नाही. पुरुषांनी भिंत घातली आणि पाणी शेंदायला वर रहाट बसवला.

आणि पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाला, आदल्या वर्षाइतकाच. गुरवाच्या दोन्ही पायांतून निघाला. आसरांना जागचं हलवलं म्हणून हे झालं, असं बोललं जाऊ लागलं. सगुणेशी बायका बोलेनाशा झाल्या. शेवटी माणसं पहारी घेऊन भिंत पाडायला निघाली.

द्वारकाबाई तेव्हा गावातच होत्या. शाळेनं, या नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं कळवलं होतं. त्यांनी जागा सोडली होती. त्या काठी टेकत भिंतीपाशी आल्या, लोकांसमोर खाली बसल्या आणि पायावरची पट्टी सोडली. घोट्याशी फोड फुटला होता, नारूचं तोंड बाहेर आलं होतं.

“मी या बारवेचं न गाळलेलं पाणी एकदाच प्यायले,” त्या म्हणाल्या. “गेल्या उन्हाळ्यात, आले त्या दिवशी. तेव्हा भिंत नव्हती. हा त्या पाण्याचा नारू आहे, तुमचेही त्याच वर्षीचे आहेत. भिंतीनंतरचं पाणी गाळून प्या आणि आणखी एक उन्हाळा थांबा. तेव्हाही निघाला, तर पहिली पहार मी घालीन.”

सगुणा पुढे झाली, त्यांच्यापाशी बसली आणि त्यांनी तिच्यासाठी केलं होतं तसंच, काडी घेऊन त्यांचा नारू गुंडाळायला लागली. लोक पहारी खांद्यावर टाकून परतले.

पुढचा उन्हाळा आला. गावात एकाही पायाला चिंधी नव्हती. सगळं गाव पेरणीला शेतात गेलं. त्या सुगीला आसरांना नैवेद्य दाखवला तो सगुणेनं, आणि ताट धरायला बायकांची रांग लागली म्हणे.

द्वारकाबाईंचा घोटा कायमचा आखडला. काही वर्षांनी त्याच शाळेनं त्यांना मुख्य म्हणून बोलावलं, तेव्हा त्या लंगडतच गेल्या. जाताना एक अट घातली: पहिल्या वर्षाच्या मुलींनी पुस्तक उघडण्याआधी या गावात येऊन राहायचं, घरोघर पाणी प्यायचं, आणि ते कुठून येतं ते पाहायचं.

आजही त्या मुली येतात. आता घरोघर नळ आहेत. तरी गावातली सर्वांत वयस्कर बाई कडुनिंबाखाली बसून दुहेरी फडक्यातून पाणी गाळते आणि एकेकीच्या ओंजळीत ओतते. पाणी पिता पिता दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, “आजी, नारू दिसतो कसा?” आणि म्हातारी मोठ्या तोऱ्यात सांगते, “आमाला काय म्हाईत? आमी बघितलाच न्हाई.”