साळू आणि न जेवणारा अजगर

डोंगराच्या पोटाशी एक दाट जंगल होते आणि त्या जंगलात एक साळू राहत असे. पाठीवर काट्यांची मोळी आणि स्वभाव असा, की एकदा मनात घेतले की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही. एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. तो विझल्यावर साळूला एका तापलेल्या दगडाखाली अजगराचे पिल्लू सापडले. बिचाऱ्याने भीतीने अंगाचा चेंडू करून डोके आत दडवले होते. साळूला गलबलून आले. "हे पोर मी वाढवणार," असे म्हणून ती त्याला आपल्या बिळात घेऊन आली.

आणि पहिल्याच दिवशी तिने त्याच्यापुढे काय ठेवावे, मुलांनो? कंदमुळे! पिल्लू नुसते बघत राहिले. झाडावरचा कावळा हसून हसून खाली पडायचा बाकी होता. "अगं साळूताई, त्याला काय उपास आहे, रताळी खायला? त्याला उंदीर लागतो! मी आणीन खळ्यावरचे मेलेले. तू माती उकरशील तेव्हा किडे मात्र माझे. आणि हो, आठवड्याला एकच उंदीर. जास्त नको." सौदा ठरला. पण आठवड्याला एकच, हे काही साळूच्या गळी उतरेना. ती स्वतः दिवसातून दोनदा पोटभर खाणारी! तरी पोर वाढत होते, म्हणून ती गप्प बसली.

वर्ष सरले आणि एके दिवशी अजगराने उंदरापासून तोंड फिरवले. "मला नको, मावशी." त्याची कांती मळकी दिसत होती, डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला होता. दुसरा आठवडा गेला, तिसराही गेला. साळूचा जीव टांगणीला लागला. "माझ्या घरात कोणी उपाशी राहणार नाही!" असे म्हणत तिने उंदीर बळेच त्याच्या तोंडात कोंबला. मावशीचे मन मोडू नये म्हणून त्याने कसाबसा गिळला. संध्याकाळपर्यंत सगळे उलटून पडले आणि पोर दोरीसारखे लोळागोळा झाले.

साळू रडत रडत ओढ्यावरच्या म्हाताऱ्या कासवाकडे गेली. कासवाने सगळे ऐकून घेतले. "अगं, तो आजारी नव्हता. त्याला कात टाकायची आहे. अशा वेळी त्याला अन्न नको असतं, धड दिसतही नाही. बिळात ओला पाला पसर आणि कात उतरेपर्यंत त्याला शिवू नकोस."

"मग मी करू काय, आजोबा?"

"काही करू नकोस. जमेल?"

साळूने डोळे पुसले. "जमवीन," ती म्हणाली.

तिने ओला पाला आणून पसरला आणि बिळाच्या तोंडाशी बसली. तोंड पोराकडे, पाठ बाहेर. अजगर आंधळा झाल्याची कुणकुण कोल्ह्याला लागलीच होती. तो गोड आवाजात म्हणाला, "साळूबाई, आज ना उद्या ते मरणारच. तुम्ही जरा कंद काढून या. तोवर मी बसतो इथे."

"ये की," साळू मान न वळवता म्हणाली आणि तिने सगळे काटे ताठ केले. "पण पाठीवरून ये!" कोल्ह्याने एकदा प्रयत्न केला. नाकात दोन काटे घेऊन तो ओरडत पळाला.

कोल्हा परवडला, पण आतले दृश्य परवडेना. पोर कुशीवर वळे, तेव्हा साळू अर्धी उठे आणि पुन्हा खाली बसे. दाराशी हाताला येईल तेवढी मुळी चावून ती दिवस काढत होती. आठव्या दिवशी अजगराचे डोळे निवळले. कावळा उंदीर घेऊन हजर झाला. "आता तरी दे की! नुसता पुढे ठेवून बघ." साळूचा पंजा पुढे गेला. तिने तो मागे घेतला. "कात उतरल्याशिवाय नाही," ती म्हणाली. एवढे कठीण काम तिने जन्मात केले नव्हते.

बाराव्या दिवशी अजगराने दगडावर नाक घासले. ओठांपाशी कात फाटली आणि उलटा मोजा निघावा तशी अखंड उतरली. आतून नवा कोरा, चकचकीत अजगर बाहेर आला. त्याने जीभ लपलपवली.

"मावशी, भूक लागली."

साळूच्या डोळ्यांना धार लागली. तिने कावळ्याने आणलेला ताजा उंदीर त्याच्यापुढे ठेवला आणि तो गिळून होईपर्यंत ती जागची हलली नाही. मग मात्र ती कंद शोधायला धावत सुटली, कारण बारा दिवस ती स्वतः पोटभर जेवली नव्हती.

तात्पर्य : आपल्या भुकेने दुसऱ्याचे पोट मोजू नये. खरी माया वेळेला हात आवरते, पण दार सोडत नाही.